सोळा नापास पंप

पावस गावच्या खलाशाची मुलगी योगिनी चिडली की आरडाओरडा करत नसे. ओठ घट्ट मिटून कीबोर्ड बडवायची. रत्नागिरीत डिप्लोमा करून ती एमआयडीसीतल्या कारखान्यात लागली. होडीतलं पाणी उपसणारे पंप तिथे बनत. पूर्वी त्यांचा दाब डोळ्यांनी बघून वहीत लिहायचे. योगिनीने सेन्सर बसवले. त्यांचे आकडे दर सेकंदाला टिपून पंप पास की नापास ते ठरवणारा प्रोग्राम तिने स्वतःच शिकून लिहिला.

एका मंगळवारी सोळा पंप नापास झाले. त्या दिवशीचे सगळे पंप कारखान्यातले जुने कामगार भागोजी यांनी जोडलेले. रिपोर्टवर त्यांचंच नाव छापलेलं. मॅनेजर विनीतने त्यांना लगेच लेखी ताकीद दिली.

भागोजी तरातरा तिच्या टेबलापाशी आले. "गो बाय, पंप बरे हायत. तुझा कंप्युटर खोटा बोलतोय."

"आकडे खोटं बोलत नाहीत, काका!" ती फणकारली.

त्यांनी जुना काट्याचा मीटर पुढे केला. "लाव."

तिने रागारागाने लावला. काटा स्थिर, स्क्रीनवरचा आकडा मात्र नाचतोय. भागोजींनी कोपऱ्यातला कॉम्प्रेसर बंद केला आणि आकडा जागच्या जागी थांबला. सेन्सरची वायर योगिनीनेच आदल्या दिवशी कॉम्प्रेसरच्या केबलला चिकटून ओढली होती; त्या केबलमधल्या विजेने आकडे बिघडत होते. तिची कानशिलं तापली. एवढं शिकले, आणि साधा मीटर लावून बघितला नाही?

तिने वायर वेगळी काढली, पंप पुन्हा तपासले. पंधरा पास. एक खरंच गळत होता. "ह्यो माझा," भागोजी म्हणाले.

ती विनीतकडे गेली. "ताकीद मागे घ्या. चूक माझी होती."

"राहू दे गं. कामगारांवर जरा वचक राहतो."

आता मात्र तिचा तोल सुटला. "मग मलाही द्या! आत्ताच्या आत्ता!"

त्याने खरंच दिली. भागोजींची तशीच राहिली.

तेव्हापासून रोज सकाळी काट्याच्या मीटरशी आकडे ताडून पाहिल्याशिवाय तिचा प्रोग्राम सुरूच होत नाही. विनीतशी ती कामापुरतं बोलते. भागोजींची तिने माफी मागितली, तेव्हा ते पाना पुसत म्हणाले, "माफी ऱ्हाऊ दे. आधी मला विचारलंस का नाय?"

भागोजी पाठ फिरवून कामाला लागले.