वहिनींचे डोळे

आण्णा गेल्याचा फोन त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा आला. रडली नाही. म्हणाली, "दादा, आण्णांचा फोटो लावायचा हाय आणि घरात एकबी न्हाय. आधारकार्डावरचा वळखू येत न्हाय. आज मोबाइलवर काढलाय तेवढाच, पण डोळं मिटल्यालं. तुम्ही उघडून द्याल न्हवं?" मी हो म्हणालो. फोन ठेवून हात धुऊन आलो, का ते कळलं नाही.

भूपालआण्णा तरुणपणी कबनूरला माग चालवायचे. भंगारात मिळालेला कॅमेरा खोलता-जोडता फोटोग्राफी शिकले. ना गुरू, ना पुस्तक. पुढं त्यांच्या छायाचित्रांची प्रदर्शनं लांब लांब लागली, तरी रविवारी आम्हा चार-पाच जणांना शिकवणं सुटलं नाही. मयताचा फोटो काढून ब्रशनं त्याचे डोळे उघडून द्यायचं काम त्या काळी स्टुडिओत सर्रास चाले. आण्णांना ते खपत नसे. "मिटलेलं डोळं उघडायचं न्हाईत. ते बघणं आपलं न्हवं."

सुनंदा दीड वर्षाची असताना वहिनी गेल्या. जगाचे फोटो काढणाऱ्या माणसाकडं बायकोचा एकही नव्हता. शेवटचा, मिटल्या डोळ्यांचा तेवढा त्यांनी काढला आणि प्रिंट करायला मला दिला. त्यांचे हात चालत नव्हते. मी ब्रशनं वहिनींचे डोळे उघडले. कळवळा होता असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे हौस होती... मलाही जमतं हे दाखवायची. वहिनींचे डोळे आठवेनात, म्हणून समोर आरसा ठेवला.

आण्णांनी प्रिंट खिडकीपाशी नेली. "हे डोळं कुणाचं रे?"

"वहिनींचेच. आठवून काढले."

कडेवरची पोर फोटोकडं बघून हसली. आण्णांनी तो भिंतीवर लावला. त्यानंतर शिकवता शिकवता ते मध्येच थांबायचे, माझ्याकडं बघत राहायचे. तीस वर्षं मी त्या घरात मान खाली घालून वावरलो.

पंधरवड्यानं गेलो. "कुठंबी बसलं तरी आई माझ्याकडंच बघती," सुनंदा म्हणाली. भिंतीवरून माझेच डोळे बघत होते. माझे आता थकलेत; ते नाहीत. तिनं मोबाइल पुढं केला. "आण्णांचे डोळे मी उघडणार नाही," मी म्हणालो, आणि आरशासकट सगळं सांगितलं.

ती बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली. वाटलं, आता हाकलेल. मग स्टूल ओढून माझ्यापुढं बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"वर बघा, दादा."

बघितलं. तिच्या ओठांवर हसू येत होतं, लहान पोरीसारखं... माझी पापणी लवायला लागली, तशी तिनं हनुवटी घट्ट धरली.

"मिटू नगा."