मशीनला लागलेली नजर

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गवत कापायचं मशीन आहे, वर बसून चालवायचं. ब्रोशरच्या चित्रात होतं म्हणून बिल्डरने ते दिलं. लॉन मात्र एवढंसं, की मशीन वळवायला गेट उघडावं लागतं.

ते चालवतात तळमजल्यावरचे काका, हेल्मेट घालून. हॉर्न नाही म्हणून कबुतरांना तोंडानेच "साइड, साइड!" करतात आणि वळताना हात दाखवतात.

मशीनचा पट्टा सारखा तुटायचा. नवा घातला की दोन-चार फेऱ्यांत पुन्हा चिंध्या. "बाजूच्या टॉवरवाल्यांची नजर आहे रे," म्हणत काका तारेत ओवलेली लिंबू-मिरची मशीनच्या पोटाखाली, पट्ट्याशेजारीच बांधायचे. जिथे दुखतं तिथे बांधायची, असं त्यांचं म्हणणं. दर वेळी आधीपेक्षा मोठी.

परवा पट्टा पुन्हा तुटला, तेव्हा मीच आडवा होऊन खाली बघितलं. पुलीला तार गुंडाळली होती आणि तिनेच पट्टा कापला होता. मधे लिंबाचा चोथा, मिरचीचा ठेचा.

"काका, तुमच्या लिंबानेच वाट लावलीय!"

काकांनी हेल्मेट काढलं. चोथा तळहातावर घेऊन ते बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"बघ ना, बिचाऱ्याने किती अंगावर घेतलं! नाहीतर माझा हात गेला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनला दोन लिंबं होती. तिसरं माझ्या स्कूटरला, पुढच्या चाकाजवळ. ते मी अजून काढलेलं नाही. स्कूटर तेवढी हळू चालवतो.