आक्काचा डावा गुडघा आणि विंचवाचा उतारा

मंत्रतंत्र, उतारे, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नव्हतो. आज मानतो, असंही छातीठोकपणे सांगणार नाही. घडलं ते वेळेसकट लिहितो, इतकंच.

गाव कुंभार पिंपळगाव, अंमल निजामाचा. कापूस वेचणीचे दिवस. दुपारी माझी थोरली बहीण आक्का — वय अठ्ठावन्न — घरातल्या कापसाच्या ढिगापाशी बसली होती, तेव्हा तिच्या पावलाला लाल विंचू डसला. दहा मिनिटांत दरदरून घाम, हात गार. लाल विंचवाने माणूस जातो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. डॉक्टर अंबडला; बैलगाडीने पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला असता.

विषबाधेच्या प्रथमोपचारांचा तक्ता मी भिंतीवर लावला होता. तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागलो. धोतरा खाल्ल्यास मिठाचं पाणी पाजून ओकारी काढावी, तेजाब प्यायल्यास काढू नये...

"बापू, माझ्या पोटात काय न्हाई गेलं," आक्का कण्हत म्हणाली. "खालचं वाच."

खाली लिहिलं होतं — रोग्याला हलवू नये, ऊब द्यावी, डॉक्टर बोलवावा. ऊब दिली. डॉक्टर कुठून आणणार?

शेवटी बायकोने मला करीमचाचांकडे पिटाळलं. चाचा कापूस पिंजायचे आणि विंचू उतरवायचे. त्यांची रीत अशी, की रोगी न्यायचाच नाही. निरोप्याने फक्त बाजू सांगायची. चाचा निरोप्याच्याच त्या बाजूच्या गालावर चपराक देणार आणि तिकडे घरी रोग्याचं विष उतरणार. निघताना बायकोला बजावलं — आक्काची तब्येत वेळ घालून पाटीवर लिहीत राहा.

चाचांचं घर नऊशे चाळीस पावलांवर. चाचांनी विचारलं, "कौनसा पाँव?" मी डावा सांगितला. चार वाजून वीस मिनिटांनी चपराक बसली... पंचेचाळीस वर्षांच्या संसारी माणसाला बसू नये अशी.

घरी आलो तर आक्काचे ओठ निळसर पडलेले. पण कण्हत कण्हत ती डावा गुडघा दुमडत होती, परत सरळ करत होती. अकरा वर्षं तो वाकला नव्हता! पाटीवर लिहिलेलं — ४.२०, डावा गुडघा वाकला, बाकी तसंच.

"डसला उजव्याला," आक्का म्हणाली. "तू काय सांगून आला रे?"

ती माझ्यासमोर बसली होती आणि मी माझी डावी बाजू धरली होती. चूक पूर्ण माझी. पुन्हा धावलो, या खेपेला पावलं मोजली नाहीत.

चाचांना बिलकुल नवल वाटलं नाही. "तुम डावा बोले, मैं डावा उतारा. उजवे का अलग लगता." मी उजवा गाल पुढे केला. वेळ चार पंचेचाळीस. घरी पाटीवर — ४.४५, घाम थांबला, चहा मागितला.

पुढे अंबडला डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, विंचवाची कळ कधी आपोआप ओसरते. मान्य. मग गुडघा? तो म्हणे धक्क्याने सुटला असेल. बरोबर चार वीसलाच? यावर त्यांनी माझी नाडी पाहिली.

चार वर्षं झाली. आक्का शिडीने माळवदावर चढून मिरच्या वाळत घालते. मला आजवर उत्तर सापडलेलं नाही. हल्ली बायकोचं अर्धं डोकं दुखतं. कोणतं अर्धं, ते मी अजून विचारलेलं नाही.