भूगोलाच्या बाई अल्बेनियात एकट्या

मी अल्बेनियात होते जेमतेम अकरा दिवस, पण किस्से इतके साठलेत की आमच्या स्टाफरूममध्ये मला अजून धड चहा पिऊ देत नाहीत. "मॅडम, तो बसचा सांगा ना!" बसचा शेवटी सांगते. मात्र आमच्या ह्यांच्या कानावर घालायचा नाही!

* * *

सत्तावीस वर्षं मी मेहकरात भूगोल शिकवतेय. नकाशावर छडी ठेवायची अन् म्हणायचं, "हा बाल्कन प्रदेश, डोंगराळ." आणि स्वतः एकटी कुठवर गेले? शेगावपर्यंतसुद्धा नाही! पन्नाशी ओलांडली तेव्हा म्हटलं, आता पुरे.

घरी सांगितलं. हे पेपर वाचत होते.

"संग कोण हाय?"

"कोणी नाही."

पेपर खाली आला. "काऊन वं? भांडण झालं का आपलं?"

"भांडण झालं असतं तं तुमाले धाडलं असतं!"

मग अट आली. "जा. पण एकदा जरी 'रस्ता चुकली' म्हणून फोन आला, तं पुढं दरवर्षी माह्या संग. मी नेईन तिथं!" हे नेतात कुठे, तर अकोल्याला, त्यांच्या बहिणीकडे. मी कंबर कसली.

* * *

"संग कोण?" हे न विचारणारी अख्ख्या शाळेत एकच बाई, गणिताच्या गवई मॅडम. मला सोडायला शेगाव स्टेशनवर आल्या आणि बॅगेत ठेच्याची बरणी कोंबली. खरं सांगते, मला रडू आलं. गाडी हलली तशा ओरडल्या, "घाबरू नका मॅडम! अन् घाबरल्या तरी कोणाले सांगू नका!"

डबा हसला. मीही हसले, पण बॅग पोटाशी घट्ट धरून.

* * *

राजधानी तिरानात मी द्रिता नावाच्या बाईकडे उतरले होते. बाई माझ्याच वयाची. आम्ही दोघी मोबाइलवर भाषांतर करून बोलायचो. तिचा पहिला प्रश्न, नवरा कुठाय? दुसरा, मुलं किती? तिसरा, पगार किती? मला वाटलं, मेहकरच्या स्टँडवरच बसलेय!

"नवरा घरी आहे" हे काही तिला पटेना. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. विधवा ठरवूनच टाकलं होतं मला. शेवटी मी व्हिडिओ कॉल लावला. हे बनियनवर. कान खाजवत म्हणाले, "गॅसचं बटन कोणत्या बाजूनं फिरवतात वं?"

द्रितानं ह्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग टाइप केलं, "आता समजलं. तू खुशाल फिर."

* * *

ती पातळ पोळीच्या थरांत पालक अन् चीज भरून, भाजून बुरेक करायची. मी पोट भरल्यावर मान आडवी हलवायचे. ती आणखी एक तुकडा वाढायची! चौथ्या तुकड्याला कळलं की तिथे मान आडवी हलवली की हो, आणि वर-खाली केली की नाही. मग मी तिला ठेचा वाढला. तिनं बोटभर खाल्ला, डोळ्यांतून धारा, अन् मान आडवी हलवत राहिली. मी वाढत गेले!

* * *

आता बसचा.

मला जायचं होतं बेरातला. स्टँडवर आपल्या काळीपिवळीवाल्यांसारखे ड्रायव्हर गावांची नावं ओरडत होते. एकाला विचारलं, "बेरात?" त्यानं मान वर-खाली केली. मी थँक्यू म्हणून खिडकी धरली. द्रिताचं बुरेक तेव्हा आठवलंच नाही!

तासाभरानं सगळे उतरले. बोर्ड पाहिला. एल्बासान! नकाशा डोळ्यांपुढे आला, बेरात राहिलं भलतीकडेच. सत्तावीस वर्षांचा भूगोल पाण्यात. अकोल्याची नणंद दिसायला लागली. तरी फोन हातात घेतला, आता नंबर लावणार तोच तो वाजला. हेच!

"ऐक ना वं. दर्शनाले शेगावले आल्तो एकटाच. येताना खामगावले गाडी बदलायची होती, पण डोळा लागला. मलकापूरले आलो!"

"मंग?"

"मंग काय? घाबरून राह्यलो ना मी! आता मेहकरले कसा येऊ?"

मी पायरीवर टेकले. डोळे मिटून म्हटलं, "आधी चहा घ्या. मंग बुलढाण्याची गाडी धरा. तिथून चिखली, तिथून मेहकर. अन् घाटात झोपू नका!"

पलीकडे मोठा सुस्कारा. "तुले बरं सारं पाठ हाय! तू पोहचली ना बेरातले बराबर?"

समोर एल्बासानचा बोर्ड, हा मोठा.

"म्हणजे काय? भूगोलाची मास्तरीण हाय मी!"