बहिणीच्या शाळवाला दिलेलं पाणी

आमचं कोऱ्हाळे म्हणजे उसाचं गाव. पीक जरा सुकल्यासारखं दिसलं की आमचा हात आधी मोटारीच्या बटनावर जातो. ही सवय एक दिवस अंगाशी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

धाकटी बहीण मोरगावच्या बाजूला दिलेली. दाजी ट्रकवर, महिना महिना बाहेर. तिकडं सगळं जिरायत. दोन एकर शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, आणि सहा शेळ्या. त्या दोन एकरांवरच घरची वर्षाची भाकरी आणि शेळ्यांचा कडबा. दोन वर्षांमागं डिसेंबरात तिची लेक बाळंतपणाला बारामतीच्या दवाखान्यात होती, तेव्हा तिनं मला आठ दिवस घरी बोलावून घेतलं. जाताना म्हणाली, "दादा, शेळ्यांचं चारापाणी बघ. शाळवाकडं नुसती नजर ठेव, त्याला काय करावं लागत न्हाय."

नुसती नजर ठेवणं माझ्यासारख्या बागायतदाराला कसं जमावं?

थंडी अशी मरणाची की नऊ वाजेस्तोवर मी गोधडीतून बाहेर पडत नव्हतो. खोटं कशाला सांगू! शेळ्यांचं उरकून, जेवून, रानात जायला दुपार व्हायची. अन् दुपारी बघावं तर पानं सुरळी होऊन उभी. पीक पोटरीत आलेलं, कणीस अजून बाहेर पडायचं होतं. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, ती बिचारी दवाखान्यात, इथं तिचं पीक जळून चाललंय, अन् भाऊ काय बघत बसणार? गावाकडनं पाइप आणले, शेजाऱ्याच्या शेततळ्यावर मोटार बसवली आणि उसाला देतो तसं दिवसभर पाणी सोडलं. संध्याकाळी बायकोला फोन करून छाती फुगवून सांगितलंसुद्धा, "बहिणीचं रान वाचवलं बघ."

दुसऱ्याच दिवशी आभाळ आलं आणि वारं सुटलं. काळ्या रानाचा पार लगदा झालेला, मुळांना धरायला काही उरलं नव्हतं. सगळं पीक आडवं. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती!

बहीण परत आली ती थेट रानात. तिनं तोंड उघडायच्या आत मीच बोलून टाकलं, "वारं लई होतं गं." पन्नाशीचा बाप्या मी, धाकट्या बहिणीपुढं खोटं बोललो. ती खाली वाकली. पावसाचा थेंब पडलेला नसताना तिच्या बोटांना चिखल लागला. तो तिनं पदराला पुसला आणि म्हणाली, "व्हय, वारं हाय यंदा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं मला हलवून उठवलं आणि रानात नेलं. बांधापलीकडं शेजाऱ्याचा शाळू होता. त्याला कुणी पाणी दिलं नव्हतं. दुपारी त्याचीही पानं सुरळी झालेली मी पाहिली होती. आता तीच पानं सरळ उघडलेली, दवानं निथळत होती.

"उन्हाचं मिटून घेतंय, पहाटं उघडतंय," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "थंडीवर अन् दवावरच येतंय ते."

एका पहाटे जरी उठलो असतो तर दिसलं असतं की! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही खरं बोलायची हिंमत झाली नाही.

पुढं आठवडाभरात शाळवाच्या पडलेल्या ताटांनी पेरापाशी वळून आपापले शेंडे वर उचलले. कुणी टेकू दिला नव्हता, कुणी हात लावला नव्हता. निम्मी ताटं अशी उठली, निम्मी चिखलात कुजली. मी भेटायला गेलो असताना कुणी विचारलं की बहीण सांगायची, "वाऱ्यानं पाडलं." मी खाली मान घालून चहा प्यायचो.

पावसाळ्यात तिच्या घरची ज्वारी संपल्याचं कळलं, तसा मी एक पोतं घेऊन गेलो. पोत्याकडं बघून ती हसली.

"वाऱ्याच्या चुकीचं तू कशाला भरतोयस, दादा?"

"वारं न्हवतं गं. मी पाणी सोडलं हुतं."

"ठाव हाय. हातपाय धू, भाकरी खाऊन जा."

भाकरी दुकानातल्या पिठाची होती. ती समोर बसली होती, म्हणून सगळी खाल्ली.