फोटोसाठी जाळलेलं पाणथळ

आमच्या तापीकाठच्या गावाला अक्कल नव्हती असं नाही. ती फक्त नको तेव्हा बाहेर निघायची.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यानंतरच्या एका चैत्रात दवंडी पिटली: सरकारी विमान येणार आणि वरून फोटो काढणार. जुन्या नकाशापासून नदीकाठ किती बदलला, ते सरकारला बघायचं होतं. झालं! आमचे थोरले काका गावचे पाटील. फोटो म्हटल्यावर त्यांना नंदुरबारचा स्टुडिओच आठवला. तिथे माणूस दाढी करून, दुसऱ्याचा कोट घालून बसतो, मग गावाने गबाळं का दिसायचं? घरं सारवली, देवळाला चुना लागला. मग काकांची नजर गावाखालच्या पाणथळावर गेली. चिखल आणि नुसतं लव्हाळं. "वरून किती घाण दिसेल," म्हणाले, आणि सगळं कापून जाळायचा हुकूम सोडला.

वडील गेल्यावर आमचं घर एका म्हशीवर चालायचं. उन्हाळ्यात तिला हिरवं मिळायचं ते फक्त तिथे. माय जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, कधी बोलायची नाही. दाराआडून मला म्हणाली, "त्यासले इचार, म्हैस काय खाई?" मी विचारलं. काका हसले. "म्हैस थोडीच फोटोत येणार आहे?" मोठे शहाणे!

विमान आलं तेव्हा अख्खं गाव लग्नातले कपडे घालून "उनं, उनं!" ओरडत वर हात हलवत होतं. तेवढ्या उंचीवरून कोणाचा फेटा कोणाला दिसला, देव जाणे.

पावसाच्या तोंडावर मोजणीसाहेब आले, ते काकांच्या ओट्यावरून उतरलेच नाहीत. सरबत पीत पीत त्यांनी जुन्या नकाशाशेजारी फोटो ठेवला आणि भिंग लावलं. नकाशात पाणथळ, फोटोत काळी सपाट जमीन. म्हणजे पाणथळ आटलं. आम्ही जाळलंय, एवढंच काकांनी बोलायचं होतं. पण साहेब म्हणाले, "जागा साफ दिसतेय," आणि आमच्या पाटलांची छाती फुगली. "एक काडी सापडणार नाही, साहेब." साहेबांनी तसंच नकाशावर चढवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

श्रावणात पाणी नेहमीसारखं भरलं, लव्हाळं पुन्हा उगवलं. पण कागदावर ती आता कोरडी पडीक जमीन होती. शहरातल्या एका बड्या माणसाला ती लागवडीला मिळाली. त्याच्या राखणदाराने आमची म्हैस धरून कोंडवाड्यात आणली. कोंडवाडा पाटलांच्याच ताब्यात. "कोरड्या शेतात शिरली," राखणदार म्हणाला. म्हैस नाकापर्यंत चिखलाने माखलेली होती.

माय धावत आली. डोक्यावर पदर होता, पण मध्ये दार नव्हतं. जेठाच्या तोंडाकडे सरळ बघून तिने विचारलं, "फोटो चांगला उना ना?"

काकांनी मान खाली घातली आणि कोंडवाड्याला कुलूप लावलं.