दगडापुढं टाकलेली फळं

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोच्या शेवटच्या दिवसांत तिला सांगावंसं वाटलं होतं — तेव्हाही तोंड उघडलं नाही. देव्हाऱ्यातल्या महादेवापुढं तर रोज उभा राहतो. तिथं तरी कुठं बोललो?

मी गुरव. ताडकळसच्या बाजूच्या एका खेड्यात आमच्या घराण्याकडं देवळाची पूजा. गुडघे गेले, पूजा पुतण्याकडं गेली आणि आम्ही दोघं परभणीत लेकीकडं राहायला आलो. ज्योती, माझी लेक, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं तेव्हा एक खेळ केला होता. पडद्यावर एक रान, रानात बोटाच्या पेराएवढे जीव. झाडाखालची फळं खायची, पिल्लं घालायची, आई करते ते बघून पिल्लांनी शिकायचं. त्यांना कुणी चालवायचं नाही. आपले आपण जगू द्यायचे.

"कुणी न सांगता ह्यांना देव सुचतोय का, ते बघायलेय मी, आप्पा."

"म्हणजे गुरवाच्याच पोटावर पाय द्यायलीस की," मी म्हणालो. ती लय हसली.

मग तिला कामासाठी पुण्याला जावं लागलं. खेळ चालूच राहायला हवा होता. जाताना म्हणाली, "लाइट गेली तर इन्व्हर्टर तेवढा बघा. माउसला हात लावू नका. तुमी नुसतं बघायचं."

नुसतं बघायचं. एवढंच तर होतं!

त्या रानात मोकळ्या जागी एक काळा दगड होता. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. एका सकाळी आंघोळ करून बसलो आणि बघतो तर एक जीव त्या दगडापुढं थांबलेला — मान खाली. झोपला असेल. दमला असेल. पण माझ्या डोळ्यांना काय दिसलं? देवळात येऊन माणूस वाकतो, तसं दिसलं. आमच्या वडिलांची शिस्त होती, देवापुढं आलेल्याला रिकाम्या हातानं परत जाऊ द्यायचं नाही. साखरफुटाणे नसले तर बेलाचं पान दे, पण दे. तो जीव परत फिरायला लागला आणि —

फळ कसं टाकायचं, ते ज्योती सुरुवातीला रान मांडत होती तेव्हा मी पाहिलं होतं. टाकलं.

पहिलं फळ हातानं टाकलं म्हणा, सवयीनं टाकलं म्हणा. पुढची? पुढची मी टाकली. तो पुन्हा आला, पिल्लं घेऊन आला, मग दुसरे आले. दगडाभोवती गोल करून मान खाली घालायला लागले. आणि मला — हे लिहिताना लाज वाटते — मला बरं वाटत होतं. गावात आता माझ्यासाठी कोण थांबत होतं?

ज्योती परत आली. पडद्याकडं बघितलं आणि ओरडलीच. "आप्पा! देव केला ह्यांनी! आपल्या आपण केला!" तिनं माझे दोन्ही हात धरले. त्याच वेळी सांगायचं होतं. मी हसलो.

आता पडद्यासमोर ती बसायची, त्यामुळं फळं थांबली. जीव मात्र दगडापाशीच. झाडाखाली फळं पडून होती, तिकडं कुणी जाईना. पिल्लांना तर दगडाशिवाय दुसरी जागाच माहीत नव्हती. एकेक जीव विझत गेला, माना खालीच. मी म्हणालो, "दोन फळं टाक की गं." तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "मी हात घातला तर सगळं खोटं होईल, आप्पा."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि मी कोण आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

ज्योतीनं हे सगळं मोठ्या लोकांपुढं मांडलं. त्यांनी तोच खेळ पुन्हा पुन्हा लावून पाहिला. कुणाचेच जीव दगडापाशी थांबेनात. मग बोलणी सुरू झाली, की बाईंनीच काहीतरी केलं असणार. तिचे वरिष्ठ सर घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी मला सरळ विचारलं, "काका, मॅडम नसताना तुम्ही कशाला हात लावला होता का?"

ज्योती भडकली. "आप्पांना कशाला मधी ओढताय सर? ते न्हाई खोटं बोलत."

मी म्हणालो, "न्हाई बा. मला त्यातलं काय कळतंय?"

तिनं ते काम सोडलं. सोडलं काय — सोडायला लावलं. आता पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते, संध्याकाळी घरी येते, मला गरम भाकरी वाढते. तसला खेळ तिनं पुन्हा केला नाही. लबाड म्हणून तिच्या नावाला लागलेला डाग अजून तसाच आहे.

साऱ्या जगानं तिच्यावर संशय घेतला. तिनं माझ्यावर घेतला नाही. मला तिनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. तिच्या तोंडावर नाही म्हणालो असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

हा कागद सगळ्यांच्या आधी ती वाचेल. फळं मी टाकली.